श्रावणातले आकडे

कल्याणचे कारकून त्र्यंबकराव रोज सकाळी आठला अंगणातल्या सरकारी पर्जन्यमापकातलं पाणी मोजत. पावसाचा अंदाज हिंदुस्थान आणि सिलोन या दोन्ही देशांनी मिळून बांधायचा म्हणून त्यांचे आकडे मुंबईमार्गे सिलोनला जात आणि तिथले इकडे येत. श्रावणात मात्र आठला त्र्यंबकराव सोवळ्यात पूजेला बसत. यंत्राला शिवलं तर सोवळं मोडायचं, म्हणून ते खिडकीतूनच पाऊस पाहून आकडा लिहीत.

आश्विनात कोलंबोच्या निरीक्षकाचं पत्र आलं. त्र्यंबकरावांनी ते बायकोला वाचून दाखवलं. ‘एरवी आपल्या दोघांच्या आकड्यांचा मेळ बसतो, श्रावणात बसत नाही. चूक माझीच असावी. मी तापात मोजत होतो, हात थरथरत होता. माझे आकडे रद्द करतो.’

“म्हणजे तापाने फणफणलेला तो माणूस पावसात उठून जात होता,” उत्तराबाई म्हणाल्या, “आणि तुम्ही खिडकीतून पाऊस पाडत होतात!”

“अगं, हळू बोल.”

“आता कशाला हळू? लंकेपर्यंत तर गेलंय!”

त्र्यंबकरावांची मान वर होईना. त्यांनी दौत ओढून लिहिलं, ‘आपले आकडे ठेवावेत. खोटे माझे आहेत.’ नोकरी जाईल हे त्यांना कळत होतं. पण सही करताना हात अडला तो, त्या भल्या माणसाला या कबुलीखाली आपलं नाव वाचावं लागणार म्हणून.