हातातून पायाखाली

मंगळवार, १४ ऑक्टोबर २००८. पहाटे दव पडलं होतं. आता आभाळ निरभ्र आहे आणि वारा नावालाही नाही. विमान उडवायला याहून चांगला दिवस मिळायचा नाही.

मी सायकलचं हँडल बोलतोय. पण मला सायकलवर शोधू नका. बिदरच्या मैलूर भागात मल्लिकार्जुनचं कॉम्प्युटर गेमचं दुकान आहे. तिथं प्लायवूडच्या एका मोठ्या खोक्यात, खुर्चीच्या पुढ्यात, जमिनीपासून वीतभर वर मी आडवा बसवलेला आहे. आज मल्लिकार्जुनची धाकटी बहीण श्रीदेवी म्हैसूरला हवाई दलाची परीक्षा देते आहे, आणि इथं सगळ्यांचे कान फोनकडे लागलेत. फोन येईपर्यंत माझी हकिकत ऐका.

१९९१ साली मल्लिकार्जुनच्या वडलांनी, पिराप्पांनी, गुलबर्ग्याहून सायकल घेतली. तेव्हा त्यांचं घर आळंद तालुक्यात खजुरीला होतं. मागं काळ्या घोंगड्यांची चळत बांधून ते बाजारोबाजार फिरत. ओझ्यानं पुढचं चाक डगमगलं की दोन्ही हातांनी मला आवळून धरत. खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेच्या दिवशी, मल्लिकार्जुनची आई म्हाळसाबाई मला धुऊन-पुसून हळदकुंकू लावायच्या. काय तो थाट! झेंडूची माळ घालून मी दिवसभर रस्त्याकडं बघत उभा असायचो.

पुढं बिऱ्हाड बिदरला आलं. श्रीदेवी माझ्यावरच सायकल शिकली. बसायला पाय पुरत नव्हते तेव्हा दांडीखालून पाय घालून, कैची मारत, अनवाणी. एकदा ती दगडावर आपटली आणि माझ्या डाव्या टोकाला पोचा आला. तो अजून आहे. मग पिराप्पांनी मोपेड घेतली. मी परसात गेलो, आणि रात्री माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. त्या वर्षांबद्दल मी जास्त बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी मल्लिकार्जुननं दुकान काढलं. पोरांना लढाऊ विमानांचा गेम फार आवडायचा, कारण जवळच्या हवाई तळावरची खरी विमानं रोज डोक्यावरून जायची आणि पत्रे थरथरायचे. पण खेळायचं कीबोर्डच्या बटणांवर.

"बोटानं इमान उडवायचं म्हंजे चमच्यानं भाकरी थापल्यागत हाय," मल्लिकार्जुन म्हणायचा. "खऱ्यात जसं आसतंय तसंच पायजे."

मग त्यानं खोकं बांधलं. भंगारातल्या जीपची खुर्ची आणली. फवारणीच्या पंपाचा दांडा मधोमध उभा केला, तो झाला विमानाची काठी. वेग वाढवायला ट्रॅक्टरचा हातखटका. घरातल्या दिव्यांची बटणं ओळीनं बसवली. खुर्चीखाली स्पीकर ठेवला, म्हणजे इंजिन सुरू झालं की बूड हादरावं. आणि पायाशी मला ठोकलं, माझ्या बुडख्याला जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण जोडून. मी फिरलो की बटण फिरतं, बटण फिरलं की पडद्यावरच्या विमानाचं नाक वळतं. शत्रूचं विमान पुढ्यात आल्यावर नेम धरताना शेवटचं चिमूटभर नाक वळवायचं असतं, ते काठीनं नव्हे, पायानं. तिथं माझं काम.

पहिल्या दिवशी म्हाळसाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"मल्ल्या, ज्याला मी हळदकुंकू लावलं त्याला पाय लावायलास?"

"अव्वा, आता ते हँडल न्हाई. इमानाचं आवजार हाय."

"मग तर आवजारच. कामून लावायलास पाय?"

शेवटी तोड निघाली. चप्पल-बूट बाहेर काढायचे, वाकून मला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग पाय ठेवायचे. इंजिनीअरिंगची पोरंसुद्धा निमूट नमस्कार करून आभाळात जायची. मल्लिकार्जुन कुरकुरला, "खऱ्या इमानात आसं न्हाई करत." म्हाळसाबाई म्हणाल्या, "त्येंच्या आया न्हाईत तिथं म्हणून."

खरं सांगायचं तर मला आधी अपमान वाटला होता. हातातून पायाखाली. पण कोंबड्यांपेक्षा पाय बरे. शिवाय तो नमस्कार.

या दुकानात श्रीदेवीसारखं कुणी उडवत नव्हतं. तिचे अनवाणी तळवे माझ्यावर आले की मला कैचीचे दिवस आठवायचे. डावा पाय बरोबर पोच्यावर यायचा. पोरं तिला 'सायकलवाली' म्हणून चिडवायची आणि गेममध्ये तिच्याकडून पाडली जायची. बी. एस्सी. झाल्यावर तिनं हवाई दलात वैमानिक व्हायचा अर्ज केला.

"बायकांना लढायचं इमान न्हाई देत आजून," मल्लिकार्जुन म्हणाला. "मालवाहू देत्यात."

"माल व्हय? मग बापाचाच धंदा," म्हाळसाबाई म्हणाल्या.

म्हैसूरच्या त्या निवडीत एक यंत्राची परीक्षा असते. हातात काठी, पायाशी पट्ट्या, आणि पुढं हलणारा ठिपका आवरायचा. ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिक होणं कायमचं संपलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हवाई तळावरचा एक शिकाऊ वैमानिक गंमत म्हणून दुकानात आला. मला नमस्कार करून बसला, काठी हलवून खूश झाला. मग त्यानं डावा पाय दाबला, आणि विमान उजवीकडं गेलं.

"भाई, ये तो उल्टा है."

"उल्टा कैसा साब? सायकल नै चलाए क्या?" मल्लिकार्जुननं विचारलं.

तो हसत सुटला. सायकलवर डावा हात पुढं रेटला की चाक उजवीकडं वळतं. विमानात डावा पाय पुढं रेटला की नाक डावीकडं जातं. मल्लिकार्जुननं मला सायकलच्या धर्मानं जोडलं होतं, आणि दोन वर्षं सगळं मैलूर उलटं उडत होतं.

श्रीदेवी मात्र हसली नाही. परीक्षा पुढच्या पंधरवड्यात होती.

दोन तारांची अदलाबदल करायला मल्लिकार्जुनला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. पण पायांच्या तारा कोण बदलणार? श्रीदेवी बसली आणि विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं. पुन्हा गवतात. तीन दिवस ती गवतच कापत होती.

"डोस्कं म्हणतंय डावं, पाय म्हणत्यात उजवं," ती म्हणाली. "अण्णा, मी तिथं बी असंच करणार."

मल्लिकार्जुननं नुसती एक वायर सोलली आणि पुन्हा गुंडाळली.

चौथ्या दिवशी ती धावण्याचा सराव करून आली ती थेट खुर्चीत बसली. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, तसेच. काढायचं भान नव्हतं. विमान धावपट्टीवरून सरळ गेलं, उठलं, डावीकडं म्हटल्यावर डावीकडं वळलं. रबराच्या तळव्याला माझा पोचा लागत नव्हता. त्या पायांनी मला ओळखलंच नाही, आणि मी पहिल्यांदाच नुसती एक आडवी पट्टी झालो.

तेवढ्यात म्हाळसाबाई आल्या.

"काढ ती पायताणं."

"अव्वा, अनवाणी पायाला सायकल आठवती. बुटातल्या पायाला न्हाई. आन् तिथं बूटच आसतेत."

"ती सायकल हुती म्हणून तुम्ही खाल्लं. तिच्यावर चिखलाचे बूट? आधी काढ."

श्रीदेवीनं बूट काढले आणि विमान गवतात घातलं. आईच्या देखत, दोनदा. ते पाहून म्हाळसाबाई आत गेल्या. पिराप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "हँडल माझं, पोरगी माझी, बायको बी माझी. मी कुणाच्या अंगानं बोलू?" आणि मोपेड पुसू लागले. चार-पाच दिवस खोकं रिकामं राहिलं.

मग खंडेनवमी आली. मल्लिकार्जुननं मला खिळ्यातून सोडवून पाटावर ठेवलं. शेजारी पकड, स्क्रू ड्रायव्हर, पिराप्पांची लोकर कातरायची जुनी कात्री. म्हाळसाबाई आतून ते पांढरे बूट घेऊन आल्या. ब्रशनं घासून, तळव्यांच्या खाचांतली माती काडीनं काढून त्यांनी लख्ख केले होते. माझ्या शेजारी ठेवले आणि दोन्हींच्या टोकाला हळदकुंकू लावलं.

"पायताणाची पूजा करायलीस व्हय?" पिराप्पा म्हणाले.

"घोड्याच्या नालाची करत न्हाईत का? त्यो बी पायातलाच. हत्यार हाय ते." मग श्रीदेवीकडं वळून, "आता पाय ठेव. पर हात लावून."

त्या दुपारपासून निघायच्या दिवसापर्यंत ती बुटांनीच बसली. शुक्रवारी निघताना कुंकवाचे ठिपके बुटांवर तसेच होते. मल्लिकार्जुन म्हणाला, "तिथं हसतील." ती म्हणाली, "हसू दे. खाली कोण बघतंय?"

आता माझ्या तारा सरळ आहेत. नवी पोरं मला सायकल म्हणून ओळखतही नाहीत. त्यांना मी विमानाचाच भाग वाटतो, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. तुमच्याही परसात माझा एखादा भाऊबंद गंजत पडला असेल. त्याला हातात घ्या, नाहीतर पायाखाली घ्या, दोन्ही चालेल. फक्त कोंबड्यांखाली ठेवू नका.

फोन वाजला. मल्लिकार्जुननं उचलला, ऐकलं, ठेवला. रोजचे गुण लिहायच्या फळ्यावर त्यानं खडूनं लिहिलं:

श्रीदेवी पिराप्पा. यंत्राची परीक्षा. पास.