तिसऱ्या मजल्याचं दार

शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह तोंडावर आला होता आणि भिंती रंगवायचं काम पेंटरबाईला मिळालं होतं. मिळालं म्हणजे, मावशीने मिळवून दिलं होतं. मावशी तिथे तिसऱ्या मजल्यावर इस्त्री करायची. पेंटरबाईला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं. मॅनेजरच्या केबिनबाहेर ताटकळून ताटकळून तिने एकदाचं त्याच्या गळी उतरवलं होतं, की माझ्या भाचीसारखी अक्षरं या गावात कुणी काढत नाही.

तळमजल्यापासून सुरुवात झाली. जिन्यात 'सावध राहा, सुखी राहा.' पाण्याच्या टाकीपाशी 'घाई नको, अपघात नको.' वाक्यं मॅनेजरची, वळण तिचं. शिलाईच्या बायका जाता-येता तिची फिरकी घ्यायच्या, "अगं, 'पगार वाढवा' असंही लिही की कुठेतरी, बारीक अक्षरात!"

शेवटचं काम तिसऱ्या मजल्यावर होतं. हॉलच्या टोकाला एक लोखंडी दार होतं. त्याच्या शेजारच्या भिंतीवर 'आग लागल्यास इथून बाहेर पडा' असं लिहायचं आणि खाली दाराकडे जाणारा मोठा बाण काढायचा. दार मुळात उघडतं कसं ते बघावं म्हणून तिने पुढ्यात रचलेल्या कापडाच्या ताग्यांवरून वाकून कडी ओढली. कडीला कुलूप होतं.

ती ब्रश डब्यात ठेवून मॅनेजरकडे गेली.

"साहेब, त्या दाराला कुलूप आहे."

"असणारच, किल्ली माझ्याच खिशात असते. उघडं ठेवलं तर अर्धे शर्ट मागच्या मागे पसार होतील."

"मग बाण कुठे काढू?"

"दाराकडेच काढा! उद्या तपासणीला पाहुणे येणार आहेत. त्यांना बाण दिसला पाहिजे."

"साहेब, धुरात माणूस विचार करत बसत नाही. बाण दिसेल तिकडे धावतो. माझ्या बाणामागे सगळ्या बायका धावतील आणि कुलपावर आपटतील."

मॅनेजरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही अक्षरं काढायला आलात की माझी शाळा घ्यायला? आजपर्यंत इथे कधी आग लागलेली नाही."

जेवणाच्या सुट्टीत ही बातमी मावशीपर्यंत पोचली होती. डबा उघडायच्या आधीच तिने तोंड उघडलं.

"तुला काय गरज होती गं नाक खुपसायची? उद्या पाहुणे येतील, छातीला बिल्ले लावतील, फोटो काढतील आणि जातील. काढ एक बाण आणि हो मोकळी. माझी नोकरी का पणाला लावतेस?"

"मावशी, खरंच आग लागली तर तू कुठून बाहेर पडशील?"

"मी?" मावशी हसली. "माझे गुडघे बघतेस ना? मी कुठली पळतेय! बसून राहीन इस्त्रीपाशी. तरण्या पोरी गेल्या म्हणजे झालं."

तिने हे इतकं सहज सांगितलं, जणू कधीच ठरवून टाकलं होतं. पेंटरबाईने हातातला घास डब्यात ठेवला. ती उठली, वर गेली, शिडी लावली आणि लाल रंगाचा डबा उघडला.

सुट्टी संपवून बायका मशीनवर बसल्या तेव्हा ती अजून लिहीतच होती. आधी पुढच्या रांगेतली एक मशीन थांबली. मग तिच्या मागची. मग बाजूची. वाचता न येणाऱ्या एका बाईने शेजारणीला कोपर मारलं, "काय लिहिलंय गं?"

शेजारणीने मोठ्याने वाचलं, "'या दाराला कुलूप आहे. किल्ली मॅनेजरसाहेबांच्या खिशात आहे. आग लागल्यास त्यांना शोधा.'"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण हसू फार पुढे गेलं नाही. सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. रोज त्याच दारापुढे त्या तागे रचत होत्या.

मॅनेजर धापा टाकत वर आला. "पुसा ते! आत्ताच्या आत्ता पुसा!"

"ऑइलपेंट आहे, साहेब. आत्ता पुसलं तर भिंतभर लाल होईल."

"तुमचं काम संपलं. चालत्या व्हा! आणि हिला इथे आणणारी कुठे गेली?"

पेंटरबाईने मावशीकडे बघायचं टाळलं. पण मावशीने इस्त्री उभी केली, प्लग काढला आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"मी आणलं. माझी भाची आहे. किल्ली आणा, साहेब."

"तुम्हाला नोकरी नकोशी झालीय का?"

"हवीय. जिवंतपणी करायचीय."

ती लंगडत दारापाशी गेली आणि वरचा तागा उचलायला लागली. तो तिला पेलेना. काजबटणवाली धावली, मग कटिंगवाल्या दोघी. बघता बघता दारापुढची जागा रिकामी झाली. एकही मशीन चालू नव्हती. मॅनेजरने मालकाला फोन लावला, तिकडून बोलणी खाल्ली, कपाळाचा घाम पुसला आणि शेवटी खिशात हात घातला.

किल्ली फिरेना. कुलूप गंजून गेलं होतं. मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने तेल ओतलं, हातोडी घातली, तेव्हा कुठे ते निघालं. दार कुरकुरत उघडलं. बाहेर लोखंडी जिना होता, कबुतरांच्या घाणीने भरलेला. मिस्त्रीने पहिल्याच पायरीवर जपून पाय दिला आणि पायरी कडकन मोडून खाली अंगणात पडली.

मिस्त्रीने चौकट धरून कसाबसा पाय मागे घेतला. मॅनेजरने वाकून खाली बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आज वेल्डर बोलवा," मावशी म्हणाली. "सगळा जिना धड होईपर्यंत आम्ही खाली काम करू. उद्या पाहुण्यांची भाषणं नंतर. आधी आम्ही इथून उतरून बघणार."

वेल्डरने रात्रभर खपून जिना धड केला. दुसऱ्या दिवशी पेंटरबाईला फाटकातून आत घ्यायची मनाई होती. पण पाहुण्यांच्या घोळक्यातून ती सरळ अंगणात शिरली. तिला बाहेर काढायची हिंमत कुणाला झाली नाही. वर घंटा झाली आणि बायका उतरायला लागल्या. सगळा सावळागोंधळ! एकजण पर्स राहिली म्हणून मागे फिरली, दोघी वळणावर एकमेकींत अडकल्या, एकीची चप्पल खाली पडली. पाहुणे टाळ्या वाजवत होते. पेंटरबाईचे डोळे मात्र जिन्याच्या टोकावर होते. जिना रिकामा झाला तरी मावशी दिसेना.

सगळ्यात शेवटी ती आली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी, तोंडाने स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत. पेंटरबाई धावत वर गेली आणि तिच्या काखेत हात घातला.

"छान! झालं एकदाचं," मॅनेजर हुश्श करत म्हणाला. "चला, आता भाषणं."

"कसलं झालं?" मावशीने घाम पुसला. "खरी आग लागली असती तर मी वरच राहिले असते. माझ्याबरोबर उतरायला दोघी ठरवा. पर्स आणायला कुणी मागे फिरायचं नाही. आणि वळणावर एकीमागे एक."

तिने मॅनेजरकडे न बघता बायकांकडे पाहिलं.

"चला गं वर. पुन्हा."

मॅनेजर काही बोलायच्या आत बायकांची रांग जिना चढायला लागली होती.