रिकाम्या ऐरणीवरचे दोन ठोके

पौषातल्या कोवळ्या उन्हात अक्का घण उचलायची तेव्हा आधी मनगटातलं तांब्याचं कडं कोपराकडे घसरे, मग नाकातून एक आखूड हुंकार निघे, आणि तो हवेत विरायच्या आत घण लालबुंद लोखंडावर उतरलेला असे. साठीकडे झुकलेल्या त्या देहात तेवढ्या एका क्षणी नदीच्या लव्हाळ्याची लवचिकता येई. मी समोर सांडशीत लोखंड धरून बसलेला असे, आणि तिच्याकडे कौतुकाने पाहण्याऐवजी मनातल्या मनात जळत असे.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं घर लोहाराचं. मी सैन्यात बंदुका दुरुस्त करायला गेलो आणि वडिलांसमोर घण मारायला ती उरली. निवृत्तीनंतर साताऱ्यात घराच्या परसात मी सुऱ्या घडवायला लागलो, तेव्हा नवरा गेलेली अक्का लेकीचं घर सोडून माझ्याकडे आली ती वडिलांचा घण घेऊनच. आमच्या कामात बोलणं नसतं. हातोडीने मी जागा दाखवायची, तिथे तिने घण घालायचा. रिकाम्या ऐरणीवर हातोडीचे दोन ठोके पडले की थांबायचं. वडिलांच्या वेळेपासूनची ही रीत.

दोन वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की मी दाखवतो तिथे तिचा घण पडतच नाही. बोटभर अलीकडे, कधी बोटभर पलीकडे पडतो, आणि पातं सरळ होतं ते त्यामुळेच. गिऱ्हाईक पातं उन्हात धरून म्हणे, "काय हात आहे हो तुमचा!" अक्का तेव्हा चहाचा कप पुढे करत असे. तिने कधी हूं की चूं केलं नाही, आणि तिचा तो शांतपणाच मला सर्वात जास्त झोंबे.

म्हणून मी हायड्रॉलिक प्रेस घ्यायचा ठरवला. सगळ्यांना सांगत सुटलो, अक्काचा खांदा दुखतो. खांदा दुखत होता हे खरं, पण मला तो दिसायला लागला तो माझ्या सोयीने.

औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये दोन प्रेस होते. एक वीस टनांचा, चपळ. दुसरा चाळीस टनांचा, धिप्पाड आणि संथ. मला आकडा भावला. अक्काला मी मुद्दाम बरोबर नेलं होतं. ती त्या मोठ्या प्रेससमोर उभी राहिली, त्याचा दट्ट्या खाली उतरताना एकटक बघत राहिली, आणि विक्रेत्याला म्हणाली, "आवं, ह्येला खाली यायला येवढा येळ? तवर लोखंड काळं पडंल की."

मी सगळ्यांदेखत हसलो. "अक्का, ह्यो काय तुझा घण न्हवं. तू भायेर बस, च्या घे."

आणि मग, उत्तर ठाऊक असताना, तिला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "चालवायला माणसं किती लागतात?"

"एकटा माणूस बास, फौजीसाहेब. पायानं पेडल दाबायचं, दोन्ही हात मोकळे."

अक्काने पदराच्या टोकाने प्रेसवरची धूळ पुसली, पाहुण्याच्या घरातली वस्तू पुसावी तशी, आणि ती बाहेर जाऊन बसली.

तो चाळीस टनांचा प्रेस घरी आला त्या सकाळी शेजारपाजारचे बघायला जमले होते. मी भट्टीतून लोखंड काढलं. सवयीने अक्का तिच्या जागी येऊन उभी राहिली, घण खांद्यावर घेतला, कडं कोपराकडे घसरलं. मी ऐरणीकडे गेलो आणि रिकाम्या ऐरणीवर हातोडीचे दोन ठोके मारले. एकही घाव पडायच्या आधी.

तोंडाने सांगता आलं असतं. पण चार माणसांनी तिला घण खाली ठेवताना बघावं, म्हणूनच मी ते सांगितलं नाही.

तिने घण हळूच खाली टेकवला, "बरं" म्हणाली, आणि चौथ्या दिवशी लेकीकडे पलूसला निघून गेली.

प्रेस मी दाखवतो तिथेच दाबतो. बोटभरही इकडेतिकडे नाही. दट्ट्या उतरेपर्यंत लोखंडाची लाली विझते, आणि पाती उभी तडकतात. पहिलं पातं तडकलं तेव्हा मी पोलादाला शिव्या दिल्या. सातव्याला शिव्या द्यायला कोणी उरलं नाही.

शेवटी मी पलूसला गेलो. लेकीच्या अंगणात अक्का मोठी परात पुढ्यात घेऊन बेदाणे निवडत बसली होती. मला पाट दिला, चहा दिला, खांद्याचं विचारलं तर "बरा हाय रं" म्हणाली.

"अक्का, चल घरी. तुझंच खरं हुतं. लोखंड काळं पडतंय."

तिने निवडलेले बेदाणे डब्यात ओतले, रिकामी परात मांडीवर घेतली आणि तिच्यावर बोटांच्या पेरांनी दोन ठोके मारले. मग दुसरी रास ओढून पुन्हा निवडायला लागली.

घण अजून तिने टेकवला तिथेच उभा आहे. सकाळचं ऊन परसात उतरतं, ती उभी राहायची तेवढ्या जागेवर घटकाभर रेंगाळतं आणि निघून जातं; मी पेडलवर पाय ठेवून ते जायची वाट बघत बसतो.