गळपट्टीतले टाके

माझ्या आजच्या रंगावर जाऊ नका. आता मी विटक्या जांभळासारखा दिसत असलो, तरी एके काळी इतका काळाभोर होतो की कावळ्यानेही मान वळवून बघावं. मी श्रीवर्धनचा पदवीचा झगा. बी. ए. झालेली मंडळी मुंबईला पदवी घ्यायला जातात, तेव्हा अंगावर चढवतात तो. तसे मुंबईत झगे ढिगाने आहेत, भाड्यानेही मिळतात. पण त्यांना आई नसते. मला मोजून आठ आहेत!

एकोणीसशे बावीस साली मुंबईतल्या एका शिंप्याने मला चांगदेवच्या मापाने बेतलं. चांगदेव पोफळीसारखा उंच आणि तसाच सडपातळ. त्यामुळे पुढे ज्याने ज्याने मला घातलं, त्याने त्याने मला पायदळी तुडवलं. पण पहिला मान त्याचा होता आणि मी त्याच्या अंगावर शोभलो, हे मी माझ्याच तोंडाने सांगतो, कारण दुसरं कोण सांगणार?

चांगदेवची आई ठमाबाई दुसऱ्यांच्या वाड्यांत सोपारी सोलायला जाई. तिचा मुलगा बी. ए. झाला, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. पण तिला काही तो सोहळा दिसला नाही. पदवीदान ऐन पावसाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्याकडच्या बोटी बंद. दर्या शांत झाला, पहिली आगबोट सुटली आणि चांगदेव मला घेऊन घरी आला. तिने त्याला अंगणात उभं करून मला घालायला लावलं, भोवती एक फेरी मारली आणि मानेमागे हात घालून म्हणाली, "अरं, हितं तर उसवलंय!"

शिंप्याने गळपट्टीला आतून घाईत दोरा मारला होता. ठमाबाईच्या सुईत गोधडीचा लाल दोरा होता. तिने त्याचाच एक टाका घातला.

"आये, काळ्याला लाल?" चांगदेव हसला.

"आतल्या अंगाला कोन बघतंय? मला तर म्हाईत हाय ना."

तो लाल टाका अजून जागचा हललेला नाही.

चांगदेव मुंबईच्या एका कॉलेजात गणित शिकवू लागला. दोन वर्षांनी मोहल्ल्यातला अब्दुस्समद फारसी घेऊन बी. ए. झाला. त्याची आई रहिमुन्निसा आगबोट बंद व्हायच्या आदल्या दिवशी ठमाबाईच्या दारात आली. म्हणाली, "ठमाबाय, मी तर जाऊ शकत न्हाय. माजा हात तरी जाऊ दे मुंबैला." आणि तिने लाल टाक्याशेजारी पांढरा टाका घातला.

तिथून ती रीतच पडली. बी. ए.च्या परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईने शेवटच्या बोटीआधी यायचं, माझ्या गळपट्टीत एक टाका घालायचा, आणि मी बोटीने मुंबईला जायचं. निकाल तोवर लागलेला नसे. म्हणजे टाका पडायचा तो निव्वळ विश्वासावर. पावसाळा सरला की मी पहिल्या बोटीने परत. मला गावी आणायचं ते ज्याने घातलं त्यानेच, हा चांगदेवचा नियम. एका वर्षी दोघे पास झाले, तेव्हा एकाने पदवी घेतली आणि धावत खांबामागे जाऊन मला दुसऱ्याच्या अंगावर चढवलं. माझी डावी बाही तेव्हा फाटता फाटता वाचली.

अब्दुस्समदही पुढे कॉलेजात फारसीचा प्राध्यापक झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघे गावी येत आणि ठमाबाईच्या ओटीवर मुलांना शिकवत. एका टोकाला भूमितीच्या आकृत्या, दुसऱ्या टोकाला दोन-दोन ओळींचे फारसी बैत, मधे सोपारीचा ढीग. गावकरी थट्टेने त्याला 'ठमाबाईचं कॉलेज' म्हणत. पण त्या दोघांना धरून दहा वर्षांत गावातून सात पदवीधर निघाले. एक कोर्टात मुनसफ झाला, एक शाळा तपासनीस. तपासनीस झालेला पोरगा पहिल्या दौऱ्यावर आला, तो आधी ओटीवर येऊन ठमाबाईच्या पाया पडला आणि मग शाळेत गेला. चांगदेव मास्तरांचं एक गणितावरचं टिपण विलायतेच्या मासिकात छापून आलं, तेव्हा ठमाबाईने ते उलटंसुलटं बघून देव्हाऱ्यात ठेवलं. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच. झग्याला एवढा गर्व चालतो.

आणि मग मुश्ताकची पाळी आली.

मुश्ताक हा अब्दुस्समदचा भाचा, जहुराचा एकुलता एक मुलगा. जहुराचा नवरा मोहम्मद जहाजावर होता. एडनकडे गेलेलं त्याचं जहाज परत आलं नाही, तेव्हा मुश्ताक पाच वर्षांचा होता. पोरगा हुशार. पण त्याच्या घराण्यात सगळे गलबतांवरचे तांडेल आणि व्यापारी, हिशोब तोंडी करणारे. याचंही तसंच. अवघड उदाहरण दिलं की डोळे मिटायचा आणि उत्तर सांगायचा. कागदावर पायऱ्या लिहायचा म्हणजे त्याच्या जिवावर येई.

"पायऱ्या लिही रे बाबा," चांगदेव मास्तर कळवळून सांगत. "परीक्षकाला तुझ्या डोक्यात डोकावता येत नाही."

"पण सर, उत्तर बरोबर आहे ना?"

"उत्तर बरोबर असून भागत नाही. तू तिथवर कसा आलास, ते समोरच्याला दिसायला नको?"

सन बत्तीसमध्ये जहुराने हिरवा टाका घातला. मुश्ताक नापास झाला आणि मी घडीचा घडीत परत आलो. तेहेतीसमध्ये तिने दुसरा हिरवा टाका घातला. मुश्ताक पुन्हा नापास. दोन्ही वर्षी परीक्षेला गावातून तो एकटाच होता, त्यामुळे माझ्या अंगाला दोन वर्षं वारा लागला नाही. ठमाबाईच्या ट्रंकेत वेखंडाच्या वासात पडून मी कंटाळून गेलो. पण जहुराचं काय झालं असेल, हे मला चौतिसाच्या उन्हाळ्यात कळलं.

शेवटची आगबोट दुसऱ्या दिवशी होती. जहुरा सुई घेऊन आली. ठमाबाईला आता मोतीबिंदूने नीट दिसत नसे. तिने मला जहुराच्या मांडीवर दिलं आणि कोकमाचं सरबत करायला ती आत गेली.

जहुराने सुई हातात घेतली, पण तिच्यात दोरा नव्हता. तिने माझी गळपट्टी उलटली आणि सुईच्या टोकाने आपले दोन्ही टाके उसवायला सुरुवात केली.

"माफ कर रे," ती मला म्हणाली. हो, मलाच. माणसं एकटी असली की वस्तूंशी खरं बोलतात. "माजा हात खोटा हाय. मोहम्मद निगाला तवा त्येच्या सदऱ्याचं बटन मीच लावलं व्हतं. तो काय आला न्हाय. आता पोराच्या वाटंत माजा हात नको."

एकदा सुई तिलाच टोचली. दोन्ही हिरवे धागे निघाले. ते तिने फेकले नाहीत. पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली, आणि ठमाबाई आली तेव्हा घटाघटा सरबत प्यायली.

"घातलास टाका?" ठमाबाईने विचारलं.

"व्हय काकी."

ठमाबाईने माझी घडी घातली. घालताना तिचा अंगठा गळपट्टीवरून एकदा फिरला आणि जरासा थांबला. मग तिने ट्रंक बंद केली.

त्या वर्षी मुश्ताक पास झाला, तोही पहिल्या वर्गात! पायऱ्या त्याने इतक्या लिहिल्या होत्या म्हणे, की पुरवण्या जोडाव्या लागल्या. अब्दुस्समद मामूंनी गावी तार केली. पदवीदानाच्या सकाळी चांगदेव मास्तरांच्या खोलीवर मला ट्रंकेतून काढलं. मुश्ताकने मला हातात घेतलं आणि पहिल्याप्रथम गळपट्टी उलटून पाहिली.

लाल होता, पांढरा होता, बाकीच्यांचे सगळे होते. हिरव्यांच्या जागी चार बारीक भोकं होती.

त्याने ती भोकं नखाने चाचपली. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी इतक्या जवळून पाहिला, की मला आवाज असता तर ओरडलो असतो. मला अंगावर घेतलं, पदवी घेतली, माझ्या लांबीत दोनदा अडखळला, टाळ्या झाल्या. आत मानेशी मला त्याचा घाम लागत होता आणि मला माहीत होतं की हा पोरगा आनंदात नाही.

पावसाळाभर त्याने घरी दोन ओळींचं एकच पत्र पाठवलं. चांगदेव मास्तरांच्याच कॉलेजात त्याला गणित शिकवायची जागा मिळाली, तेही मामूंनीच कळवलं. बोटी सुरू झाल्या, तेव्हा तो चांगदेव मास्तरांना म्हणाला, "सर, झगा गावातल्या कोणाबरोबर तरी पाठवून द्या. मी यंदा जात नाही."

"का?"

"आईने टाके उसवून घेतले, सर. तिला खात्री होती मी नापास होणार म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "ते मला माहीत नाही. पण ज्याने घातला त्यानेच न्यायचा, हे ठरलेलं आहे. तू पहिल्या बोटीने निघ."

आगबोट श्रीवर्धनला दूर समुद्रात उभी राहते. तिथून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं. मुश्ताकने ट्रंक मांडीवर घट्ट धरली होती, पण किनाऱ्याकडे बघत नव्हता. ठमाबाईच्या ओटीवर जहुरा सकाळपासून येऊन बसली होती. तो आला तशी उठली, दोन पावलं पुढे आली आणि थांबली. त्याने लांबूनच सलाम केला आणि उंबऱ्याशीच ट्रंक ठेवली.

शेवटी ठमाबाईच बोलली.

"जहुरा, पोराला सांग तू टाकं का उसवलंस ते."

जहुरा पांढरी पडली. "काकी, तुमाला..."

"डोळं गेलं माजं, बोटं न्हाय गेली. घडी घालतानाच कळलं. पन आईनं घातलेला टाका आईच उसवील, दुसरं कोन हात लावील? म्हनून गप ऱ्हायले. बोल आता."

मग जहुरा बोलली. बटणाचं बोलली, सदऱ्याचं बोलली, दोन वर्षं नमाजानंतर स्वतःच्याच हातांकडे बघून रडली ते बोलली. "आनि बघ की," ती घाईघाईने म्हणाली, "मी हात काडला आनि तू पास झालास! मग मी बरोबरच केलं ना?"

मुश्ताकने तिला खाली बसवलं आणि तो शेजारी बसला.

"मला वाटलं तू आशा सोडलीस, आई."

"अल्ला! तुजी आशा? ती सोडली आस्ती तर हे कशाला सांभाळलं आस्तं?"

तिने पदराची गाठ सोडायला घेतली. चार महिन्यांची गाठ, सुटेना. शेवटी दातांनी सोडली. आत ते दोन हिरवे धागे होते, चुरगळलेले, बोटाच्या पेराएवढे.

मुश्ताकने ते धागे तळहातावर घेतले. मग हळूच म्हणाला, "सर ओरडून ओरडून थकले, तरी मी पुन्हा पायरी गाळलीच, तुला विचारायची." आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. पहिल्या वर्गाचा पदवीधर, पण रडताना अगदी पाच वर्षांचा.

"आता घाल टाका," ठमाबाई म्हणाली.

"नको काकी, माजा हात..."

मुश्ताकने तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "याच हाताने मला वाढवलंय. खोटा असता तर मी असतो का?"

ते हिरवे तुकडे इतके आखूड होते की सुईत जाईनात. मग ठमाबाईने आपला गोधडीचा लाल दोरा दिला. सुईत तो मुश्ताकने ओवला. जहुराने दोन्ही हिरवे धागे त्या जुन्या भोकांवर आडवे धरले आणि वरून लाल टाका मारून ते पक्के बांधले. एक, दोन, तीन वेळा. जरा जास्तच झाले, पण तिला कोणी थांबवलं नाही.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. ठमाबाई आता नाही. ओटी आहे, तिथे उन्हाळ्यात आता तीन प्राध्यापक बसतात. तिसरा मुलांना पायऱ्या लिहा म्हणून सर्वांत जास्त ओरडतो. मी मात्र थकलो. काखेत विरलोय, काठ कुरतडलाय. यंदा नवा झगा शिवायची बोलणी चाललीत, आणि ते बरोबरच आहे. माझं एवढंच मागणं आहे, की माझी गळपट्टी तेवढी कापून त्या नव्याच्या मानेला लावा.

आणि आयांनो, आपला हात खोटा आहे असं तुमच्या मनाने घेतलं असेल, तर सुई घेऊन खुशाल माझ्याकडे या. गळपट्टीत अजून चार बोटं जागा आहे.