बदली सिस्टर

तुळशी पारधीचं किती बरं चाललंय, हे तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. "तुला काय गं, मनात आलं तर ड्युटी, नाहीतर घरी," असं शेजारणी म्हणायच्या, नातेवाईक म्हणायचे, आणि जिच्या जागी ती राबायची त्या कायम नोकरीतल्या सिस्टरही म्हणायच्या. घरात लहान मूल असलेल्या, आजारी माणूस असलेल्या बाईला याच्यासारखं सोयीचं काम शोधून सापडणार नाही म्हणे. सोय होती, नाही कोण म्हणतंय? पण ती नेमकी कुणाची, हे तुळशीला विचारायला कुणी आलं नाही.

काम असं चालायचं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, खाली शिलाई मशिनींचा खडखडाट आणि वर दुसऱ्या मजल्यावर पंधरा खाटांचं एक नर्सिंग होम. तिथल्या इन-चार्ज विठा सिस्टर. कुणी सिस्टर आजारी पडली, कुणाच्या नणंदेचं लग्न निघालं, की विठा सिस्टर मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकायच्या, 'उद्या सकाळ ८ ते २, कोण?' जिचा अंगठा आधी उमटेल तिची ड्युटी. बदलापूरच्या चाळीत भाकरी थापता थापता, पिठाच्या बोटानं, तुळशीनं नऊ वर्षं असे अंगठे उमटवले होते.

हे सगळं सोनूसाठी. सोनू तुळशीची मुलगी, बारा वर्षांची. चालायची, पळायची, खुदखुदून हसायची. पण बोलायची नाही, आणि धोका म्हणजे काय हे तिला कळायचं नाही. दार उघडं दिसलं की निघालीच. कडी लावली तर ती काढायला शिकली, आणि कुलूप लावलं तर दारावर डोकं आपटून घ्यायची. एकदा कपाळाला टाके पडले होते. मध्येच कधी फिट यायची. त्या दिवशी तुळशी अंगठा उमटवायची नाही, आणि कायम नोकरीत असली नाटकं कुणी चालवून घेतली नसती. सोनूचा बाप विकास, ती चार वर्षांची असताना अंबरनाथच्या कंपनीत कामाला म्हणून गेला, नंतर काही महिने फोनवर भेटला, मग फोनवरही नाही.

मागे राहिली ती तुळशीची आई, नवसी. बारवीकडच्या पाड्यावरून लेकीकडे राहायला आली ती त्याच वर्षी. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या वाहून जन्म काढलेली बाई. नात पळाली की चार ढांगांत गाठायची आणि काखेत मारून घरी आणायची. पण सोनू अंगानं भरत गेली आणि नवसीचे गुडघे सुटत गेले. आता नात पुढे आणि आजी मागे असली की चाळ गॅलरीत उभी राहून बघायची.

बदलीच्या कामात एक गोष्ट होती, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलायचं नाही. ड्युटी तुळशीची, पण रजिस्टरात सही तिच्या नावाची नाही. नर्सिंग होमच्या यादीवर सहा सिस्टरांची नावं होती. तपासणीला कुणी आलं तर त्या सहांपैकीच कुणीतरी हजर दिसायला हवी, म्हणून जिच्या जागी आलीस तिचंच नाव लिहायचं, असा तिथला शिरस्ता. पहिल्या दिवशी तुळशीचा पेन अडखळला होता. "अगं, सगळ्याच करतात. तू काय परकी आहेस? घरचीच तू," विठा सिस्टर म्हणाल्या होत्या. घरची म्हटल्यावर माणसाचं तोंड बंदच होतं. तिनं सही केली, आणि मग करतच राहिली. सगळ्यात जास्त वेळा तिनं लिहिलं ते हर्षदा भोईरचं नाव. हर्षदाला जुळं झालं तेव्हा तर सलग सात महिने.

आणि मग चिखलोलीला, नव्या टॉवरांच्या मधोमध, एका ट्रस्टचं हॉस्पिटल उघडलं. वर वॉर्ड, आणि तळमजल्यावर सोनूसारख्या मुलांची शाळा. शाळेत पहिला हक्क स्टाफच्या मुलांचा. सकाळी आठला आई वर जाणार, मूल खाली जाणार, चारला दोघं मिळून घरी. तुळशीनं ती जाहिरात इतक्यांदा वाचली की आतला प्रत्येक शब्द तिला पाठ झाला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, किमान तीन वर्षांचा अनुभव, पत्रासह.

अनुभवाला तोटा नव्हता. मुलाखत शुक्रवारी होती. सोमवारीच ती पत्र मागायला नर्सिंग होमच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. सोनूला फिट आली की औषधाचे नमुने हातावर ठेवायचा.

"तुलसी, तू बोलेगी वो मैं करेगा, पण हे नको मागू," तो म्हणाला. "लेटरहेडवर लिहिलं की तू नऊ साल इधर होती, तर उद्या कोणी विचारणार, रजिस्टरमध्ये नाव कुठाय? मग माझं लायसन्स, बाकी सिस्टर लोग, सगळेच लटकतील."

"पण मी होते ना, सर."

"अरे, होतीस ना. मी कुठे नाही म्हणतो?" तो म्हणाला, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटा दाबली.

विठा सिस्टरांना मात्र लाजल्यासारखं झालं. त्यांनी मागच्या खोलीतलं कपाट उघडून दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तुळशीनं जुनी रजिस्टरं खाली काढली आणि फरशीवर बसून चाळली. पानापानावर तिचंच अक्षर होतं, डावीकडे कललेलं. शहाडच्या की कुठल्या त्या म्हातारीचं बीपी खाली चाललंय हे तिनं आधी ओळखलं होतं. त्याची नोंद होती. चुकीचं इंजेक्शन भरलेलं बघून तिनं ते थांबवलं होतं, तीही होती. बाळंतपणानंतर रक्त थांबेना त्या बाईची दर दहा मिनिटांची नाडी होती. खाली सही, हर्षदा भोईर. हर्षदा भोईर. नऊ वर्षांत एका पानावर, चुकूनसुद्धा, तुळशी नव्हती. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि राग काढायला समोर कुणीच नव्हतं. मग तिच्या मनात आलं की अक्षर तर माझं आहे. समोर कागदावर लिहून दाखवेन, जुळवून बघा म्हणेन. तिनं वीस-पंचवीस पानांचे फोटो काढले. एवढ्या आशेवर तिचे चार दिवस गेले.

चिखलोलीच्या मॅट्रन रोहिणी मॅडम हसतमुख होत्या. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि प्रश्न विचारले. बाळंतिणीला झटके आले तर पहिलं काय करशील? रक्त चढवताना अंगावर गांधी उठल्या तर? तुळशी धडाधड सांगत गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला तिच्या कामाचं कुणी विचारत होतं, आणि तिला ते फार आवडलं.

"वा," मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून अशी उत्तरं दोघींचीच. दुसरीही तुमच्याच नर्सिंग होमची, ओळखत असाल. हर्षदा भोईर. तिचं पत्र बघा, नऊ वर्षं सलग, एका महिन्याचा खंड नाही. असं पत्र आणा, मी आज ऑर्डर काढते."

तुळशीच्या हातात मोबाइल होता आणि पडद्यावर फोटो उघडा होता. त्या नऊ वर्षांतले सात महिने हर्षदा माहेरी बाळंतीण होती, आणि बाकीचे कितीतरी दिवस कुठे कुठे, हे तुळशीइतकं कुणाला माहीत नव्हतं. हात पुढे करायचा अवकाश होता. पण हात पुढे केला असता तर हर्षदा गेली असती. हर्षदाचं जुळं, अंथरुणाला खिळलेला सासरा, तिचीही घरी तीच रड. आणि हर्षदा गेल्यानं तुळशी आत गेली असती असंही नाही. नऊ वर्षं दुसरीच्या नावानं सही ठोकणाऱ्या बाईला कोण वॉर्ड देतंय? यात मोठेपणा नव्हता. ती घाबरली, एवढंच. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

"पत्र नाही, मॅडम."

"मग काय लिहू मी? इथं फ्रेशरचाच रकाना उरतो."

"लिहा."

छत्तिसाव्या वर्षी तुळशी फ्रेशर झाली. उठता उठता तिनं विचारलं, "मॅडम, नुसती मुलगी घ्याल का शाळेत? मी बाहेर बसून राहीन." मॅडमना खरंच वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. सगळ्या जागा स्टाफच्या मुलांनीच भरल्यात, त्या म्हणाल्या, बाहेरच्यांचं पुढच्या वर्षी बघू. इतक्या गोड बोलल्या की भांडायचीही सोय राहिली नाही.

बदलापूरला ती चाळीत शिरली तेव्हा नवसी उंबऱ्यात बसली होती. गुडघा फुटला होता, त्यावर हळद दाबलेली. आत सोनू खाटेवर बसून बांगड्या वाजवत होती. शेजारच्या वैष्णवीनं सगळं सांगितलं. सोनू दुपारी निसटली ती थेट मोठ्या रस्त्यावर. टेम्पोवाल्यानं वेळेत ब्रेक मारला. नवसी मागे धावताना गटाराच्या कडेला आपटली, आणि दोघींना लोकांनी उचलून आणलं.

"पोरी," नवसी म्हणाली, "माझ्याच्यानं नाय व्हत आता. ती पलते, मी पडते. आज देवानं राखली. उद्याचं मी नाय सांगत."

"उद्याचं उद्या बघू, आये."

"तुझी नोकरी झाली का?"

"नाही झाली."

तेवढ्यात विठा सिस्टरांचा फोन आला. हर्षदानं राजीनामा दिला होता. "उद्यापासून महिनाभर सकाळची ड्युटी. ग्रुपवर टाकलंच नाही मी, तूच ये. डॉक्टर म्हणाले, अनुभवी माणूस पाहिजे."

तुळशीला हसू फुटलं, ते फार वाईट हसू होतं. तिनं येते म्हणून सांगितलं. नाही म्हणून घरी बसावं तर चूल कशानं पेटणार? वैष्णवीला सांगावं तर ती स्वतः सातला कंपनीत जाते. पाड्यावर भाऊ होता, पण त्याच्या दारासमोर ओढा आणि पलीकडे रान. तिनं एकेक माणूस, एकेक दार आठवून पाहिलं, आणि ती यादी फार लवकर संपली.

सकाळी सहाला तिनं सोनूला न्हाऊ घातलं, वेणी घातली, पोटभर भरवलं. मग कपाटातून कापूस आणि रुंद बँडेज काढलं. सोनूला खाटेवर बसवून तिनं तिच्या उजव्या मनगटाभोवती कापसाचा जाड थर दिला आणि वर बँडेजचे वेढे घेतले. आत दोन बोटं सरकतात ना, ते पाहिलं. दुसरं टोक खाटेच्या पायाला नेऊन अशी गाठ मारली की सोनूनं ओढली तर आवळू नये आणि आजीनं एकच टोक खेचलं तर झटकन सुटावी. रक्त नीट खेळतंय ना, म्हणून नख दाबून बघितलं. पांढरं झालं आणि लगेच गुलाबी. सलाइन उपटणाऱ्या कितीतरी पेशंटांना तिनं असं बांधलं होतं आणि एकाच्याही हातावर कधी वळ उठला नव्हता.

"फिट आली तर हे टोक ओढ, आये. आणि कुशीवर कर तिला."

नवसीनं मान हलवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

सोनूला वाटलं, आईनं काहीतरी नवा खेळ काढलाय. ती खुदखुदून हसली आणि तिनं दुसराही हात पुढे केला.