क्रमांक दोनशे चौदा

मुरबाडच्या छापखान्यात जे काही छापलं जाई, त्याची एक प्रत कमळाकर ठेवून घेई. कापडाच्या दुकानाचं हस्तपत्रक असो, म्हसा गावच्या जत्रेतल्या तमाशाची जाहिरात असो, नाहीतर विडीच्या पुड्यावरचा कागद. कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख टाकायची आणि दोऱ्यात ओवायचं. हाताला इतकी सवय झालेली, की बेचाळीसच्या सप्टेंबरात त्यानं चोरून छापलेलं सरकारविरोधी पत्रकही ओवलं गेलं. क्रमांक दोनशे चौदा. त्यामागे आणखी चाळीस कागद ओवले गेले, आणि पौषात एका दुपारी फौजदार झडतीला दारात आला तेव्हा कुठे कमळाकरला ते आठवलं.

जत्रेच्या बंदोबस्तात फौजदाराचा चष्मा फुटला होता. गठ्ठ्याकडे बोट करून तो म्हणाला, "तू वाच, मी ऐकतो. क्रमांक मोठ्यानं म्हण. एकही गाळलास तर बघ."

कमळाकर पहिल्यापासून वाचत गेला. दोनशे तेरा, रंगू शिंप्याचं नवं दुकान. कागद उलटला. 'सरकारला सारा देऊ नका.'

"क्रमांक दोनशे चौदा," तो म्हणाला. "धोंडूबाईंची खानावळ. बाजारामागे. घरचं, गरम जेवण."

धोंडूबाई त्याच्या शेजारी राहायची; खानावळ-बिनावळ काही नव्हती तिची. तोंडात आलं ते नाव तिचं.

"थांब!" फौजदार उठलाच. "चार महिने मी चौकीतली करपलेली डाळ गिळतोय, आणि गावात खानावळ आहे? चल, दाखव." गठ्ठा त्यानं काखेत मारला.

धोंडूबाई चुलीपुढे बसली होती. कमळाकर दारातूनच ओरडला, "मावशी, तुमच्या खानावळीची जाहिरात ऐकून साहेब जेवायला आलेत!"

तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग फौजदाराच्या पट्ट्याकडे.

"मंग हात धुवा, साहेब. वालाचं बिरडं हाय. मटण मागाल तं नाय."

फौजदार तीन भाकऱ्या जेवला. गठ्ठा त्यानं मांडीखाली धरला होता.

"आता रोज इथंच," तो तृप्तीनं म्हणाला. "आणि कमळाकर, जेवताना शेजारी बसून एकेक कागद वाचत जा. मजा येते. उद्या पुन्हा पहिल्यापासून."

चौथी भाकरी थापता थापता धोंडूबाई पुटपुटली, "कवापरेन जेवू घालू रे, मेल्या?"

कमळाकर मनातल्या मनात दोनशे चौदाची खोटी जाहिरात उद्यासाठी घोकत होता. फौजदारानं ताट पुढं केलं.