दफ्तरखान्यातला काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वर लोखंडी परात, मधे गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काळा काटा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तो थेट टपालघरात पार्सले तोलायला गेलो. पार्सल जड भरले की लोक माझ्या नावाने बोटे मोडत. पुढे मोठ्या साहेबांनी मला तिथून उचलून दफ्तरखान्यात आणले.

दफ्तरखाना म्हणजे शहराच्या जुन्या कागदांचे घर. पत्रे, निवाडे, हाताने रंगवलेले नकाशे, सगळे फडक्यात बांधून ठेवलेले. वाचकाने मागितला की गठ्ठा टेबलावर येतो, वाचून झाला की आत जातो. मोठे साहेब तिथले प्रमुख. त्यांनी सगळे गठ्ठे माझ्यावर तोलले, प्रत्येकाच्या फडक्यावर वजनाची चिठ्ठी शिवली आणि नियम केला की, परत आलेला गठ्ठा तोलल्याशिवाय वाचकाने दार ओलांडायचे नाही. गठ्ठ्यातला एखादा कागद गेला तर डोळ्याला कळत नाही, काट्याला कळतो.

"विश्वास घरी खुंटीला टांगून यायचा," ते हाताखालच्या बाईंना सांगत. "इथे येणारा प्रत्येक जण चोर. काटा म्हणेल तेव्हाच साव!"

हे ऐकून मी फुशारून जाई. जो तो मला चोर दिसू लागला. सैल बाही दिसली की संशय. जाड पिशवी दिसली की संशय. एखाद्याला सारखा खोकला येत असेल, तर त्याच्यावर दुप्पट संशय!

साहेब निवृत्त झाले आणि बाई प्रमुख झाल्या. साहेबांना घरी करमेना. शहराचा इतिहास लिहायचा म्हणून ते आता वाचक होऊन येऊ लागले. त्यांचा गठ्ठा ते स्वतःच माझ्यावर ठेवत. बाई लांबूनच मान डोलावत. गुरूचे वजन कोण तपासणार?

त्याच सुमारास कागदांना बुरशी लागू नये म्हणून साठ्याच्या खोलीत ओल शोषणारे यंत्र बसवले. ते दिवसभर घुरघुरत असे.

आणि एका दुपारी भिंगवाल्या आजोबांचा गठ्ठा हलका भरला.

हे आजोबा नेहमीचे वाचक. जुना पूल बांधताना त्यांचे वडील तिथे गवंडी होते. पुलाच्या कागदांत कुठेतरी वडिलांचे नाव सापडेल, या आशेने ते भिंग घेऊन ओळ न् ओळ धुंडाळत. माझा काटा चिठ्ठीवरच्या आकड्याच्या बराच अलीकडे थांबला. बाईंचा चेहरा उतरला.

"आजोबा, थांबा!" त्यांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "पिशवी दाखवा जरा."

वाचकांनी माना वर केल्या. आजोबांनी पिशवी टेबलावर उलटी केली. चष्म्याचे घर, कंगवा, औषधाची पट्टी, सुनेने दिलेला डबा. खिसेही उलटे करून दाखवले. काहीच निघाले नाही.

"ठीक आहे, जा तुम्ही," बाई पुटपुटल्या.

सामान भरता भरता आजोबा म्हणाले, "बाई, तपासलंत, बरोबर केलंत. पण 'थांबा' मोठ्यानं म्हणालात, तसं 'काही नाही सापडलं' हेही मोठ्यानं म्हणा की."

बाईंनी तो गठ्ठाच पुन्हा माझ्यावर ठेवला, पण काटा हलकाच होता आणि मी खोटे बोलत नव्हतो. आजोबा गेले ते पुन्हा आले नाहीत.

मग मात्र विपरीतच घडू लागले. पुढच्या वाचकाचा गठ्ठा हलका. त्याच्या पुढच्या बाईचाही हलका. आमच्या बाईंना झाडणाऱ्या मावशींवर संशय येऊ लागला, शिपायावर येऊ लागला. शेवटी तर त्या माझ्याकडेच डोळे बारीक करून पाहू लागल्या. शिपाई वैतागून म्हणाला, "मॅडम, आता उंदरांनाही रांगेत उभं करू का?"

एके दिवशी बाईंनी वरच्या फळीवरचा, कित्येक वर्षांत कुणी न मागितलेला गठ्ठा काढला आणि माझ्यावर ठेवला. त्याच्यावर धूळ तशीच होती. तोही हलका!

तेवढ्यात शिपाई यंत्राखालची बादली ओतायला घेऊन निघाला. ती काठोकाठ भरली होती. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, हे पाणी नुसतं हवेतलं नाही," त्या म्हणाल्या. "कागदांतलं आहे! कागद वाळलेत, म्हणून हलके झालेत. कुणीच काही नेलेलं नाही!"

त्या हसल्या, शिपाईही हसला. मग एकाएकी बाईंचे हसू मावळले. कालच साहेबांचा गठ्ठा परत आला होता आणि तो चिठ्ठीबरहुकूम भरला होता. तंतोतंत.

त्यांनी तो गठ्ठा सोडला. जुन्या कागदांच्या मधे कोरे कागद घातलेले होते, काटा जागेवर येईल इतके. रंगवलेले नकाशे गायब होते. ते कोरे कागद माझ्या परातीत रोज पडत होते, मित्रांनो, आणि मला वजनापलीकडे काही कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग गठ्ठा पुढे ठेवला.

"साहेब, सगळं दफ्तर वाळलं. तुमचाच गठ्ठा तेवढा ओला कसा राहिला?"

"माझ्यावर संशय घेतेस?"

"तुम्हीच शिकवलंत."

साहेबांनी पाण्याच्या पेल्याला हातही लावला नाही. ते म्हणाले, "विकले नाहीत गं मी. आयुष्यभर जपलेत. तुमच्या हवाली करून झोप येईना. तू नीट सांभाळशील याचा भरवसा वाटेना."

नकाशे त्यांच्या पलंगाखालच्या पेटीतून परत आले. दोन-तीन नकाशांच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. संचालक मंडळाने साहेबांना दार बंद केले. त्या दिवशी बाई न जेवता टेबलाशी बसून होत्या.

मग त्या आजोबांच्या घरी गेल्या. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या आठवड्यात आजोबा भिंग घेऊन आले. बाईंनी सगळ्यांसमोर हात जोडले. आजोबाही हसले, वाचत बसले. निघताना मात्र कुणी न सांगता त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली.

"आजोबा, नका हो," बाई कळवळून म्हणाल्या.

"असू दे, बाई. आता सवयच लावून घेतो."

आजही ते तसेच करतात आणि दर वेळी बाई खिडकीबाहेर पाहतात.

आता गठ्ठा देताना आणि घेताना, दोन्ही वेळा वाचकादेखत तोलतात, पानेही मोजतात. ते काम नवा विजेवरचा काटा करतो. मी कपाटावर धूळ खात असतो.

मित्रांनो, जुने कागद जपा. कुलूप लावा, तोला, मोजा, अगदी ओळखीच्या माणसाचेही मोजा. संशयही घ्या. पण तो खोटा निघाला, तर त्या माणसाच्या दाराशी लवकर जा. बाईंना जायला उशीर झाला होता.